मैत्री हिल स्टेची दुसरी रात्र

छत्तीसगडमधल्या मैनपाटच्या पठारावर 'मैत्री हिल स्टे' नावाचे सहा खोल्यांचे हॉटेल आहे. तेथे दोन रात्रींसाठी आलेले पाहुणे एका रात्रीनंतर निघून जात.

जाताना ते भांडत नसत. उलट हात जोडत, वांग्याच्या भाजीची तारीफ करत, आणि रायपूरला पोहोचल्यावर मोबाइलवर पाचही तारे पेटवून लिहीत : 'फार सुसंस्कृत कुटुंब. शिकण्यासारखे आहे.' काय शिकण्यासारखे आहे, ते कोणी लिहीत नसे.

हॉटेलचे मालक दयाराम खोब्रागडे. रायपूरजवळ सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्न कारखान्यात ते प्रयोगशाळेचे प्रमुख होते. लोखंडात कार्बन किती आणि गंधक किती, हे सांगण्यात त्यांचे आयुष्य गेले, आणि त्या आयुष्याने त्यांना एवढेच शिकवले की नमुना खोटे बोलत नाही, बोलतो तो पुरवठादार. वडिलांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली त्या दिवसापासून घरात शकुन, अपशकुन, मुहूर्त आणि नजर यांना प्रवेशबंदी होती. मांजर आडवे गेले तर खोब्रागडे कुटुंब मांजराला आधी जाऊ देई, ते केवळ सौजन्य म्हणून.

"कारणाशिवाय काहीच होत नसते," दयारामांनी जाहीर केले. "हा हंगाम संपायच्या आत कारण शोधून दाखवतो, नाही तर लॅब इनचार्ज म्हणवून घेणार नाही मी!"

"तुम्हाले म्हनते कोन आता लॅब इनचार्ज?" सत्यभामाबाई म्हणाल्या. "रिटायर झाले ना तुम्ही!"

सत्यभामाबाई रेल्वेच्या इस्पितळात परिचारिका होत्या. त्याही निवृत्त झाल्या होत्या, पण इस्पितळ त्यांच्यातून निवृत्त झाले नव्हते.

हॉटेलची मूळ कल्पना मुलीची, चेतनाची. ती नवा रायपूरच्या एका कार्यालयात नोकरी करत होती. तेथील रस्ते इतके रुंद की एका बाजूने ओलांडायला निघालेला माणूस दुसऱ्या बाजूला पोहोचेपर्यंत कशासाठी निघालो ते विसरतो. एका दुपारी रस्त्याच्या मधोमध तिला वाटले, आपण हे का करतो आहोत? तिने नोकरी सोडली आणि घरी येऊन सांगितले, "पापा, बुटीक होटल खोलेंगे. पहाड़ में."

रायपुरात बुटीक म्हणजे ब्लाउज शिवण्याचे दुकान. ते पहाडावर कशाला, हे समजायला दयारामांना वेळ लागला. चेतनाने समजावले की खोल्या कमी, उशा जास्त, आणि जेवण घरचे. त्याप्रमाणे हॉटेल उभे राहिले. प्रत्येक पलंगावर उशांचा एवढा ढीग असे की झोपण्यापूर्वी त्या कुठे ठेवायच्या, यावर नवराबायकोंचे भांडण होई. चेतना रायपुरात बसून बुकिंग सांभाळी, आईवडील वर मैनपाटला पाहुणे सांभाळत, आणि अश्विन नावाचा अंबिकापूरचा स्वयंपाकी आईवडिलांना सांभाळून घेई.

या सगळ्यात दयारामांची स्वतःची भर होती ती पोटासाठीच्या डोसाची.

डोंगरावरचे पाणी वेगळे. पाणी बदलले की पोट बिघडते, आणि पोट बिघडलेला माणूस मोबाइलवर एकच तारा पेटवतो. यावर उपाय म्हणजे जिवंत जिवाणू, म्हणजे घरचे दही. दुसऱ्या दिवशी नाश्त्यानंतर, फिरायला निघण्यापूर्वी, प्रत्येकाच्या पोटात चमचाभर गेले की संरक्षण पूर्ण! पहिल्यांदा दही वाट्यांमध्ये घालून टेबलावर ठेवण्यात आले. मैनपाटच्या थंडीत दही खाण्यापेक्षा लोकांनी वाट्यांकडे नुसते पाहणे पसंत केले.

"वाटी देल्ली का मानूस पळवाट काढते," सत्यभामाबाईंनी निदान केले. अर्ध्या रायपूरच्या पोरांना त्यांनी पोलिओचा डोस पाजला होता. "डोस देयाचा तं आपल्या हातानं, आपल्या डोळ्यासमोर. गिळला का मंगच भायेर सोडाचं!"

"अन् वाट्या?"

"बर्फासारख्या पान्यात वाट्या कोन धुवून राहिलं? वाट्या बंद!"

लहान मुले तोंड वाकडे करत, त्यामुळे चवीचीही सोय करण्यात आली. सत्यभामाबाई दाराशी उभ्या राहू लागल्या. पाहुणे बूट घालून निघाले की एकेकाला डोस देत आणि परिचारिकेच्या मायेने म्हणत, "घाटाचा रस्ता हाय जी, सांभाळून जा." एकही पाहुणा डोस चुकवू शकला नाही. दयारामांना ही व्यवस्था इतकी आवडली की कारखान्यात ती असती तर आपण आणखी वर गेलो असतो, असे ते म्हणाले.

आणि पाहुणे निघून जात होते.

विचारले की कारण ठरलेले. "घरून फोन आला, मावशीची तब्येत बरी नाही." दयारामांनी हिशेब केला. रायपुरात एका हंगामात एवढ्या मावश्या खरोखर आजारी पडल्या असत्या, तर आरोग्य खात्याला साथ जाहीर करावी लागली असती. म्हणजे पाहुणे खोटे बोलत होते. पुरवठादाराप्रमाणेच, पण विनयाने.

पहिला संशय थंडीवर गेला. प्रत्येक पलंगावर आणखी दोन रजया चढवण्यात आल्या. एका सडपातळ शिक्षकांना सकाळी उठवायला गेलेल्या अश्विनला ते सापडेनात. सगळे थर उचलल्यावर ते निघाले, घामाघूम आणि प्रसन्न! "काय झोप लागली!" म्हणाले, आणि नाश्ता करून, डोस घेऊन, निघून गेले.

दुसरा संशय दयारामांनी मोठ्या मनाने स्वतःवर घेतला. मैनपाटला उल्टापानी नावाची जागा आहे. तेथे पाणी चढावर वाहताना दिसते. लोक कागदाच्या नावा सोडतात, टाळ्या वाजवतात, आणि याच वेळी दयाराम गवंड्याची पाणसळ घेऊन पुढे होत व ती जमिनीला लावून सिद्ध करत की हा चढ नसून उतार आहे, आणि पाणी जगात सर्वत्र वाहते तसेच येथेही वाहते.

"अहो, पण दिसून तर राहिलं ना वर जाताना!" एक गृहस्थ एकदा काकुळतीने म्हणाले.

"दिसण्यावर जाऊ नका जी. डोळा फसवते."

गृहस्थांच्या मुलीने नाव परत खिशात घातली. हे आठवून दयारामांनी पाणसळ कपाटात ठेवली आणि पाहुण्यांना फसू दिले. पाहुणे फसले, हसले, फोटो काढले, आणि निघून गेले.

"साहब, जगह में कुछ है," अश्विन म्हणाला.

"काय आहे?"

"कुछ तो है."

"'कुछ तो' कशात मोजतात रे? ग्रॅममध्ये का लिटरमध्ये?"

अश्विनने दारावर लिंबू-मिरची टांगण्यासाठी खिळा ठोकला. दयारामांनी त्या खिळ्याला थर्मामीटर अडकवला.

पाहुणे निघून जाण्याच्या नियमाला एक अपवाद होता. पक्षी पाहायला आलेला एक जर्मन माणूस दोन रात्रींसाठी आला आणि आठवडाभर राहिला. डोस तर तो मागून मागून घेई. परंतु एका नमुन्यावरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे दयाराम नव्या पोरांना वर्षानुवर्षे शिकवत आले होते. त्यांनी जर्मनाला विचारातून वगळले.

उरले ते पोट. "पोट बिघडले" हे कोणीही सभ्य माणूस यजमानाला तोंडावर सांगत नाही. तो मावशीला आजारी पाडतो. हे सुचताच दयारामांना आपल्याच बुद्धीचे कौतुक वाटले. डोस दुसऱ्या सकाळी मिळतो. तोपर्यंत पाण्याने घात केलेला असतो. म्हणजे डोस आधी हवा!

पुढच्या खेपेला रायपूरच्या गुढियारीतल्या एका धान्याच्या व्यापाऱ्याचे कुटुंब आले. त्यांना संध्याकाळी चहा झाल्यावर, बाहेर एक फेरी मारायला निघताना, दाराशी डोस देण्यात आला. व्यापाऱ्यांनी डोस घेतला. बायकोने त्यांच्याकडे पाहिले, त्यांनी बायकोकडे पाहिले. मग ते खोलीत गेले आणि न उघडलेल्या बॅगा घेऊन बाहेर आले. उशांना हातही लागला नव्हता.

"मावशी?" दयारामांनी विचारले.

"आत्या," व्यापारी म्हणाले.

"बघितलं?" गाडी गेल्यावर दयाराम बायकोला म्हणाले. "आधी दुसऱ्या दिवशी जात होते, आता त्याच दिवशी! रोग वाढून राहिला. म्हणजे डोस अजून कमी पडून राहिला!"

त्याच आठवड्यात चेतनाचा फोन आला. हॉटेलचे जवळजवळ सगळे पाहुणे रायपूरच्या सोनिया दीदींच्या ट्रॅव्हल एजन्सीतून येत. सोनिया दीदींचा संयम संपला होता.

"पापा, दीदी पूछ रही है कि दूसरी रात का कमरा हम किसी और को दे रहे हैं क्या."

"काहून? असं काहून वाटलं तिले?"

"क्योंकि सब लौट रहे हैं! और कोई वजह नहीं बताता. अब वो अपने सास-ससुर को भेज रही है, पूरी फैमिली के साथ. वो भी जल्दी लौटे तो लिस्ट से नाम कट." मग चेतना मराठीत बोलली. ती मराठीत बोलली म्हणजे प्रकरण गंभीर असे. "पापा, मग मी नोकरीसाठी पुन्हा अर्ज करते. हॉटेल बंद करू."

दयारामांनी फोन ठेवला. पोरीने ज्या रस्त्याच्या मधोमध उभे राहून हे स्वप्न पाहिले, त्याच रस्त्यावर तिला परत जावे लागणार होते, आणि तेही चमचाभर जिवाणूंच्या दिरंगाईमुळे! त्यांनी निर्णय घेतला. या वेळी डोसाला उशीर होणार नव्हता.

सोनियाचे सासरे दिवाकरराव आणि सासूबाई मंदाकिनीताई रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यातले. नणंदा, जावई, नातवंडे मिळून टेम्पो ट्रॅव्हलर भरून निघाले. दिवसभर गाणी म्हणत, वाटेत दोनदा उलट्यांसाठी थांबत, उन्हे उतरता उतरता ते पठारावर पोहोचले. टाऊची, म्हणजे कुट्टूच्या पिकाची, गुलाबी-पांढरी फुले, स्वच्छ हवा, दारात सत्यभामाबाई! गाडीचे दार उघडले. मंदाकिनीताईंनी एक पाय पायरीवर ठेवला आणि म्हणाल्या, "अगं बाई, किती सुंदर जागा!"

"हात पुढं करा जी," सत्यभामाबाई म्हणाल्या.

मंदाकिनीताईंनी प्रसाद समजून हात पुढे केला. मग तळहाताकडे पाहिले. मग सत्यभामाबाईंकडे पाहिले. मागून दिवाकररावांचा हात आला, त्यावरही पडले. मग जावयांच्या. मग खिडकीतून बाहेर आलेल्या नातवंडांच्या. सत्यभामाबाई शिस्तीने संपूर्ण गाडीभर फिरल्या.

"अहो," मंदाकिनीताई कशाबशा म्हणाल्या, "निदान पाय तरी टेकू द्या!"

"आधी गिळा, मंग बोला," सत्यभामाबाई म्हणाल्या. आणि सवयीने पुढे म्हणाल्या, "घाटाचा रस्ता हाय, सांभाळून जा."

दिवाकररावांनी डोस गिळला, रुमालाने हात पुसला, आणि भारदस्त आवाजात म्हणाले, "चाल वं, बस आत. आपला मान आपन राखावा." मग दयारामांकडे वळून, "काही हरकत नाही जी. तुमची अडचन असंन. घर छान बांधलं."

"अहो, पण सामान उतरवा ना! चहा..."

"मावशी," दिवाकरराव म्हणाले. त्यांच्या वयाच्या माणसाची मावशी किती वर्षांची असेल, याचा विचार दयाराम करेपर्यंत गाडी वळून गेलीही होती.

त्या कुटुंबाने ती रात्र अंबिकापूरच्या बसस्टँडजवळच्या एका लॉजमध्ये काढली. तेथे उशा कमी आणि डास पुरेसे होते.

दयारामांनी रेल्वेने रायपूर गाठले. चेतना त्यांना स्कूटरवर मागे बसवून तात्यापाऱ्यात घेऊन गेली. वाटेत ती एक शब्दही बोलली नाही, ना मराठीत, ना हिंदीत.

दार सोनियाने उघडले. "अंकल, मेरी सास को आपने गाड़ी से उतरने भी नहीं दिया!"

"मी? मी तर सामान घ्यायला धावलो होतो!"

"बसा जी," दिवाकरराव आतून म्हणाले. मान राखणे चालूच होते.

मंदाकिनीताई स्वयंपाकघरात होत्या आणि तेथून भांड्यांच्या आवाजाने संभाषणात भाग घेत होत्या. दयारामांनी घसा साफ केला. "मी माफी मागायला आलो. पण कशाची मागू ते कळत नाही, म्हणून विचारायलाही आलो. पोट बिघडलं होतं का तुमचं?"

आत एक पातेले पडले. मंदाकिनीताई दारात आल्या.

"पोट? अहो, गाडीतून उतरायच्या आत तुम्ही आम्हाले वाटेला लावलं, अन् पोटाचं विचारून राहिले?"

"वाटेला कोणी लावलं?"

"हातावर दही-साखर ठेवली ना तुमच्या बायकोनं! परीक्षेला निघालेल्या पोराच्या हातावर दही-साखर ठेवतात. गावाला निघालेल्याच्या ठेवतात. आलेल्याच्या हातावर कोणी ठेवते का? याहून गचांडी परवडली!"

चेतनाने कपाळाला हात लावला. तिच्या मैत्रिणींच्या आयांनी प्रत्येक परीक्षेला तिच्याही हातावर ते ठेवले होते. पण मैनपाटला डोस कसा दिला जातो, हे तिने कधी पाहिलेच नव्हते. "पापा," ती हळूच म्हणाली, "दही? हाथ पे?"

"दही नव्हे, डोस," दयाराम म्हणाले. "जिवंत जिवाणू असतात त्यात. पोटाच्या रक्षणासाठी."

"मग साखर काहून होती?" मंदाकिनीताईंनी विचारले.

"पोट्टे तोंड वाकडं करत."

"अन् हातावर काहून?"

"वाट्या कोण धुणार? पाणी फार थंड."

"अन् दाराशी काहून?"

"कोणी निसटू नये म्हणून."

"अन् वरून 'सांभाळून जा' कशाले?"

"घाट आहे जी तो! सांभाळून नाही तर कसं जाणार?"

दयारामांनी आपली उत्तरे मनात पुन्हा तपासली. चारही उत्तरे बरोबर होती. प्रत्येक निर्णय स्वतंत्रपणे, पुरेशा कारणाने, शुद्ध व्यवहारातून घेतला होता. आणि चारही एकावर एक ठेवल्यावर, तीन पिढ्या ज्या घराने शकुन नावाची वस्तू उंबऱ्याच्या आत येऊ दिली नव्हती, त्या घराच्या उंबऱ्यावर एक संपूर्ण शकुन तयार झाला होता. साखरेसकट!

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "धान्यवाले, ते शिक्षक, बाकीचे सगळे... सगळ्यांना हेच वाटलं?"

"आता हे का सांगावं लागते?" दिवाकरराव म्हणाले. "घरधनीनीनं दही देल्लं म्हनजे उठावं, इतकं तं मानसाले कळते ना जी! आमच्या पाऱ्यात तं बोलबाला हाय तुमचा. लोक म्हन्तात, जा म्हनाची रीत पाहाची असंन तं खोब्रागड्याइकडं जा. तोंडातून अक्षर नाही काढत, गोड करून पाठवतात!"

"मग मला कोणी सांगितलं काहून नाही?"

"सांगाचं काय? 'तुम्ही आम्हाले हाकलून राहिले' म्हनून? असं कोनी बोलते का चांगल्या मानसाले?"

सोनिया सोफ्यावर बसून डोळे पुसत होती. ती रडत नव्हती. "और वो जर्मन?" तिने हसण्याच्या मध्येच विचारले. "वो क्यों रुका?"

"त्याच्या गावात दही खाऊन कोणी परीक्षेला जात नाही," दयाराम म्हणाले. वगळलेला नमुना त्यांच्या डोळ्यांसमोर मिशीला दही लागलेल्या अवस्थेत उभा राहिला, आणि त्यांनी मान खाली घातली.

चेतना पुढे झाली. "दीदी, लिस्ट..."

"रहने दे लिस्ट वहीं. मम्मीजी, फिर जाओगे?"

मंदाकिनीताईंनी पदर सारखा केला. "जाऊ. टाऊची फुलं पाह्याची राहिली. पन ती बाई दाराशी नको!"

त्या गेल्या आणि दोन्ही रात्री राहिल्या. तिसरीही मागितली, पण ती खोली पुढच्या पाहुण्यांना दिलेली होती आणि बाकी खोल्यांतले पाहुणेही निघायचे नाव घेत नव्हते. सत्यभामाबाईंना दाराशी उभे राहण्याची मनाई झाली. त्या आता स्वयंपाकघराच्या खिडकीतून प्रत्येकाच्या जिभेचा रंग पाहतात. चेतनाने नोकरीचा अर्ज पाठवला नाही. दयारामांनी लिंबू-मिरचीच्या खिळ्यावरचा थर्मामीटर काढून आणला आणि अश्विनला बसवून, आपण शोधून काढलेले कारण, प्रयोगशाळेत सांगत तसे, स्पष्ट शब्दांत सांगितले.

कारण असे. पाण्यापासून पोटाचे रक्षण व्हावे म्हणून दिलेले दही, साखर घालून, हातावर, दाराशी दिल्यामुळे पाहुण्यांनी निरोपाचे समजले, आणि ते निघून गेले. डोस जितका लवकर दिला, तितके ते लवकर गेले. मैनपाटच्या पाण्यापासून दह्याने पोटाचे रक्षण होते की नाही, हे मात्र सिद्ध होऊ शकले नाही. तेवढा वेळ कोणी थांबलेच नाही.